बुश बदलायचा की आर्म?

गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढच्या चाकापाशी ‘टक्’ असा आवाज येतो. ब्रेक दाबला की स्टेअरिंग किंचित एका बाजूला ओढतं. अलाइनमेंट करून आणावी, तर थोड्याच दिवसांत टायर आतल्या कडेनं पुन्हा झिजू लागतात. ही लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय लोअर आर्मच्या बुशवर घ्यावा.

लोअर आर्म चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि आतल्या बाजूला बहुधा दोन रबरी बुश. बुशची रचना साधी आहे. बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी आणि दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं मधलं रबर. आतली नळी बोल्टनं सांगाड्याला आवळलेली असते. बाहेरची नळी आर्मच्या गोल घरात दाबून बसवलेली असते. चाक वरखाली होतं तेव्हा यातली कुठलीच नळी दुसऱ्या धातूवर घासत नाही, फक्त मधलं रबर पिळलं जातं आणि सुटतं. म्हणून याला ग्रीस लागत नाही. अँबॅसेडरच्या पुढच्या चाकांना ग्रीसगन घेऊन निपलं भरावी लागत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्यामागून छोट्या गाड्यांची रांग लागली, आणि गॅरेजातलं ते काम हळूहळू संपत गेलं. मात्र रबर म्हातारं होतं. ते तडकतं, नळीपासून सुटतं आणि मग लोखंड लोखंडावर आपटू लागतं.

इथवर कोणाचा वाद नाही. वाद पुढे आहे. फक्त बुश बदलावा की आर्मच नवा घालावा? कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि प्रेस चालवणारे एक मिस्त्री आणि त्यांची भाची यांचं यावर अजिबात पटत नाही. भाची मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझर आहे. देवगडहून आलेल्या एका हॅचबॅकचे दोन्ही लोअर आर्म मामांच्या टेबलावर पडलेले असताना झालेलं हे बोलणं. मधूनमधून मी माझं मत घालणार आहे, कारण मलाही यात एक बाजू आहे.

भाची : मामा, हे आर्म आमच्याकडे आले असते तर प्रेसवर चढलेच नसते. नवे मागवले असते.

मामा : का गं? आर्मला काय झालंय? वेल्डिंग शाबूत हाय, कुठं वाक न्हाई. गेलंय ते रबर. रबर गेलं म्हणून लोखंड भंगारात द्यायचं?

भाची : लोखंड शाबूत आहे हे तुम्ही वरून बघून सांगताय. गाडी देवगडची आहे, आयुष्यभर खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली. बुशच्या घरात गंज किती शिरलाय, ते आत्ता कोणाला दिसतंय? शिवाय बॉल जॉइंट याच आर्मवर आहे आणि बुशइतकाच जुना आहे. आज तुम्ही बुश घातले आणि पावसाळ्यानंतर बॉल जॉइंट ढिला झाला, तर पुन्हा सगळं उतरवायचं, पुन्हा अलाइनमेंटचे पैसे.

मामा : बॉल जॉइंट तपासता येतोय की. बूट फाटलेला न्हाई, आतलं ग्रीस कोरडं न्हाई. हातानं फिरवला तर सगळीकडं सारखा जड लागतोय, अडखळत न्हाई, खुळखुळत न्हाई. खराब असता तर मीच म्हटलं असतं, बाबा आर्म बदल.

भाची : आणि वेळेचं काय? नवा आर्म म्हणजे आतले बोल्ट काढा, बॉल जॉइंट सोडवा, नवा लावा. किती वेळ लागेल ते आधी सांगता येतं. गंजलेला बुश काढायला बसलं की अर्धा तास लागेल की अर्धा दिवस, कोणी सांगावं? खाली गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असतं.

भाचीचा हा मुद्दा हलका नाही. सर्व्हिस सेंटरचा सगळा हिशेब तासांवर चालतो आणि ज्या कामाचा तास सांगता येत नाही ते काम तिथे कोणी घेत नाही. त्यातून काही गाड्यांचे बुश कंपनी सुटे विकतच नाही, अख्खा आर्मच घ्यावा लागतो. पण पैसे गिऱ्हाईकाच्या खिशातून जातात. बुश काही शेकड्यांत मिळतो, आर्म त्याच्या कित्येक पटींनी महाग असतो. स्वस्त म्हणून बाजारातला बनावट आर्म घेतला तर त्याचा पत्रा किती जाड आणि वेल्डिंग किती खोल, हे दुकानदारही सांगू शकत नाही. भाचीनं यावर लगेच उत्तर दिलं की बुशही बनावट मिळतात, आणि ते खरंच आहे. तरी फरक उरतो. बनावट बुश लवकर तडकेल आणि आवाज करून सांगेल. बनावट आर्मचा पत्रा घाटात फाटला तर चाकच जागेवर राहणार नाही.

भाची : ठीक आहे, काढा बुश. पण कसा काढणार ते आधी सांगा. याच गल्लीत दोन ठिकाणी मी बत्ती मारताना बघितलंय. गॅसची ज्योत रबरावर धरायची, रबर पेटवायचं, आतली नळी गळून पडली की बाहेरची छिन्नीनं फोडायची. याला तुम्ही दुरुस्ती म्हणता?

मामा : पूर्वी सगळेच तसं काढत होते. माझ्या वस्तादानं पण तसंच शिकवलं. पाच मिनिटांत बुश भाईर. आता मी न्हाई करत.

भाची : का सोडलंत?

मामा : धुरानं. दिवसभर तो काळा धूर छातीत जायचा. आणि दुसरं म्हणजे बत्ती मारलेल्या आर्मचा रंग जळतोय, आतनं-भाईरनं. वरनं तू नवा रंग लावशील, पण दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत कुठनं लावणार? एका पावसाळ्यात तिथं गंज. बॉल जॉइंट त्याच आर्मवर असला तर उष्णता तिथवर जाती, ग्रीस वितळतंय, बूट आखडतोय. मग तूच म्हणणार, बॉल जॉइंट गेला.

भाची : पोलादाचं एवढं तरी आहे की तापलं की लाल होतं, माणूस सावध होतो. ॲल्युमिनियमच्या आर्मचं काय? ॲल्युमिनियम रंग बदलायच्या कितीतरी आधी नरम पडतं. वरून काही दिसत नाही आणि ताकद निघून गेलेली असते. महागड्या गाड्यांचे तसले आर्म कोणी बत्तीखाली धरले तर मी ते गाडीला लावू देणार नाही. काही बुशमध्ये तर रबराच्या पोटात द्रव भरलेला असतो. तो तापवला तर फुटून अंगावर उडेल.

इथे मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. रबर पक्कं करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेलं असतं. ते जळताना निघणारा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबतो. बंद शेडमध्ये, तोंडावर साधा रुमाल बांधून, सतरा-अठरा वर्षांची पोरं हे काम करताना दिसतात. स्वस्तात होणाऱ्या दुरुस्तीची किंमत त्यांच्या छातीतून वसूल होता कामा नये.

मामा : आता माझी रीत बघ. आधी खूण. जुना बुश घरात कसा बसलाय, कुठली बाजू वर, तो घराच्या कडेपासनं किती आत हाय किंवा किती भाईर आलाय, ते व्हर्नियरनं मोजून आर्मवरच पंचनं खूण करायची. हे न करता ज्यानं बुश काढला, त्याला नवा कुठं थांबवायचा ते कधीच कळणार न्हाई.

भाची : आणि मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्यांची दिशाही लिहून ठेवा. लोक तिथंच चुकतात. पोकळीच्या दिशेनं बुश मऊ असतो, आडवा कडक असतो. खड्ड्यावर आदळलं की चाकाला किंचित मागं सरकायला जागा मिळते, पण वळणावर ते बाहेर पळत नाही. तोच बुश पाव फेरा फिरवून बसवला की सगळं उलटं होतं. गाडी वळणावर सैल वाटते आणि रबरही लवकर फाटतं.

मामा : हां, हे बरोबर बोललीस. मग आदल्या रात्री घराच्या दोन्ही कडांना गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवायचा. सकाळी प्रेसखाली घ्यायचा. आता खरं काम प्रेसचं न्हाई, खालच्या नळीचं. घराच्या कडेला टेकणारा जाड पाइपचा तुकडा मी लेथवर काढून ठेवलाय. त्याचं भोक बुशच्या भाईरच्या नळीपेक्षा जरा मोठं, म्हणजे बुश त्यात सरकंल. आणि वरनं दाबायचा ठोकळा बुशच्या नळीपेक्षा जरा लहान, म्हणजे तो घराला लागणार न्हाई. जोर नळीवरनं जाऊन घराच्या कडेवर उतरला पाहिजे. आर्म नुसता दोन विटांवर ठेवून दाबलास तर बुश निघायच्या आधी आर्म वाकंल.

भाची : बुशला एका बाजूला कड असेल तर?

मामा : तर कडंच्या बाजूनंच भाईर यायला पाहिजे. उलट्या बाजूनं दाबत बसलं तर कड घराला अडकती आणि प्रेसचा काटा वर चढत राहतोय. काटा चढतोय आणि बुश हलत न्हाई, असं दिसलं की थांबायचं. जोर वाढवायचा न्हाई, कारण शोधायचं.

प्रेस नसलेल्या ठिकाणी हेच काम जाड, हाय-टेन्साइल आटेदार दांडा, दोन नट, जाड वॉशर आणि योग्य मापाचे सॉकेट घेऊन करता येतं. नट आवळत गेलं की एका बाजूचा सॉकेट बुशला ढकलतो, दुसऱ्या बाजूचा त्याला पोटात घेतो. आट्यांना ग्रीस हवंच. साध्या, मऊ पोलादाचा दांडा या कामाला वापरू नये. तो ताणला जातो, आटे सोलले जातात, प्रसंगी तुटून उडतो. घणाचं नाव तर काढूच नये. घणानं बुश निघतो, पण घर अंडाकृती होऊन बसतं, आणि अंडाकृती घरात बसवलेला नवा बुश आज ना उद्या सरकणारच.

मामांनी पहिला आर्म प्रेसखाली घेतला. काटा हळूहळू चढला आणि मग ‘कडाड’ असा आवाज झाला. गंजाची पकड अशीच एकदम सुटते. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि उभं राहायचं ते प्रेसच्या बाजूला. दुसऱ्या आर्मचा मागचा बुश मात्र हलला नाही. रबर फाटलं, आतली नळी रबरासकट खाली पडली आणि बाहेरची नळी घरात तशीच चिकटून राहिली. आवाज करणाऱ्या जुन्या बुशच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे.

भाची : घ्या. म्हणूनच म्हणत होते. आता काय, छिन्नी?

मामा : घाई करू नको. हॅक्सॉचं पातं सोडवायचं, नळीच्या आतनं घालून परत फ्रेमला लावायचं, आणि नळीला लांबीत एकच चीर पाडायची. नळीची जाडी कापली गेली की थांबायचं. पातं घराच्या धातूला लागलं की वेगळा आवाज येतोय, हाताला पण वेगळं लागतंय. चीर पडली की नळीचा ताण सुटतोय. मग पातळ पंचनं चिरेची कड आत दुमडायची. नळी स्वतःभोवती गोळा हुती आणि हातानं भाईर येती.

भाची : आणि तुमचं पातं जरा जास्त खोल गेलं तर?

मामा : तर त्या घराला कायमची चीर. जिथं चीर तिथनंच पुढं तडा. मग तो आर्म भंगारात, मी स्वतः टाकणार.

ही चीर पाडायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ भाची एक शब्दही बोलली नाही. माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल याच टप्प्यावर लागतो. आर्म ठेवायचा की टाकायचा, हे बुश घरात असताना कोणालाच नक्की सांगता येत नाही. घर रिकामं झालं की ते दिसतं. आणि बुश काढणाऱ्यानं घर बिघडवून ठेवलं असेल, तर दिसूनही उपयोग नसतो. सर्व्हिस सेंटर बुश न काढताच आर्मला अयोग्य ठरवतं. बत्ती मारणारा बुश काढता काढता आर्मला अयोग्य करून ठेवतो. दोघांचाही परिणाम एकच, चांगलं लोखंड वाया जातं.

घरं रिकामी झाल्यावर मामांनी आतला गंज पॉलिश पेपरनं हलका काढला. घर मोठं होईल इतकं घासायचं नाही, फक्त पापुद्रे काढायचे. मग बोअर गेज आत घालून उभं-आडवं माप घेतलं. दोन्ही मापं जुळली तर घर गोल आहे. नव्या बुशची नळी घरापेक्षा केसभर मोठी हवी, म्हणजे ती दाबूनच आत जाईल. हातानं सरकली तर घर मोठं झालं आहे किंवा बुश चुकीचा आहे. अशा वेळी घरात चिकटद्रव भरून बुश बसवणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे गाडी नेऊ नये.

भाची : मापं बरोबर आहेत, मान्य. गंजाचे खड्डेही खोल नाहीत. पण मामा, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक सर्व्हिस सेंटरमध्ये नाही. मला नियम सगळ्यांसाठी करावा लागतो. माझ्या हाताखाली नवीन पोरं येतात. त्यांच्या हातात हे काम दिलं आणि एकानं जरी घराला चीर पाडून तसाच बुश ठोकला, तर ती गाडी घाटात कोणाच्या तरी कुटुंबाला घेऊन जाणार आहे. नवा आर्म लावताना चुकायला इतक्या जागा नाहीत.

मामा : मग पोरांना शिकवा की. प्रेस हाय तुमच्याकडं, मॅन्युअल हाय, मापं हायत. माझ्याकडं यातलं काय हुतं? नियम म्हणून आर्म टाकत राहिलासा तर पुढच्या पोराला बुश काढायला येणारच न्हाई. मग तुमचा नियमच बरोबर ठरणार.

भाचीकडे याचं उत्तर नव्हतं, पण तिचं म्हणणं त्यामुळे खोटं ठरत नाही. ज्या हातांना हे काम येत नाही त्यांनी ते करू नये, आणि ज्यांना शिकायचं आहे त्यांना रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या आर्मवर शिकू देऊ नये. त्यासाठी भंगारातले आर्म ढिगानं पडलेले आहेत. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक शाखेत असे आर्म आणून पोरांकडून बुश काढून घेतले, तर मामांची तक्रारही मिटेल आणि भाचीची भीतीही.

नवा बुश बसवताना एका गोष्टीवर दोघांचं क्षणात एकमत झालं. बुशला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, नैसर्गिक रबर खनिज तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. दाबायचं ते फक्त बाहेरच्या नळीवर. आतल्या नळीवर जोर दिला तर सगळा भार मधल्या रबरावर येतो आणि नवा बुश बसायच्या आधीच आतून सुटतो.

आणि शेवटचं आवळणं. इथे मात्र भाची सांगत होती आणि मामा ऐकत होते.

भाची : आमच्याकडे नवीन बुश घालूनही काही महिन्यांत परत आलेल्या गाड्या मी बघितल्यात. पार्ट खराब नव्हते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले होते. त्या स्थितीत आतली नळी पकडली जाते. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर पिळून ठेवलेल्या ओल्या पंच्यासारखं कायम पीळ खाऊन राहतं. गाडी नुसती उभी असली तरी त्याला विश्रांती नाही. बोल्ट आधी नुसते अडकवायचे. गाडीचा भार चाकांवर आला, दोनदा दाबून सस्पेन्शन बसू दिलं, की मग टॉर्क रेंचनं पक्के आवळायचे.

मामा : घोडीवर गाडी असली तर आर्मच्या खाली जॅक लावून भार द्यायचा, तेवढ्यानं पण भागतंय. पण हे तू म्हणतीस ते खरं हाय. चांगल्या बुशचा जीव इथंच जातोय.

देवगडच्या त्या गाडीचे आतले बोल्टही बदलावे लागले. बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजून एकजीव झाली होती आणि आर्म उतरवताना बोल्ट ग्राइंडरनं कापावे लागले होते. किनाऱ्यावरच्या गाड्यांना हा खर्च धरूनच चालावं. नवा बोल्ट कंपनीच्याच प्रतीचा घ्यावा, हार्डवेअरच्या दुकानातला मिळताजुळता नको.

घरी स्वतः हात घालणाऱ्यांना एक इशारा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर नसतो, म्हणून आर्म तुलनेनं सुखरूप निघतो. ज्या गाड्यांत स्प्रिंग थेट लोअर आर्मवर टेकलेली असते, तिथे ती दाबून बांधल्याशिवाय आर्म सोडला तर ती सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. आपल्या गाडीत स्प्रिंग कुठे टेकते हे कळत नसेल तर पाना हातात घेऊ नका.

माझं मत असं. पत्र्याचा पोलादी आर्म असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल आणि प्रेस व मोजमापाची साधनं असलेला कारागीर हाताशी असेल, तर बुशच बदला. बॉल जॉइंट ढिला असेल, आर्म वाकला असेल, घर अंडाकृती असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर नवा आर्म घ्या. गाडी गॅरेजात सोडताना मिस्त्रींना एवढंच विचारा की बुश कशानं काढणार, काढल्यावर रिकामं घर मला दाखवणार का, आणि बोल्ट गाडी जमिनीवर आणून आवळणार का. ते बत्ती मारणार असतील, तर पैसे जास्त गेले तरी चालतील, नवा आर्म घाला.